स्थलांतर आणि हृदयविकार : येलहंका येथील मराठी कुटुंबांनी काय जाणून घ्यावे

येलहंका (बंगळुरू) : एकाच आईवडिलांची दोन मुले. एक गावी शेतीवर राहिला, दुसरा कारखान्यातील नोकरीसाठी शहरात आला आणि तेथेच त्याने संसार थाटला. काही वर्षांनी या दोघांचे वजन, पोटाचा घेर आणि रक्तातील साखर मोजली तर काय आढळेल? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लखनौ, नागपूर, हैदराबाद आणि बंगळुरू या चार शहरांतील कारखान्यांमध्ये एक मोठा अभ्यास करण्यात आला. ‘भारतीय स्थलांतर अभ्यास’ या नावाने तो ओळखला जातो. खेड्यातून शहरात आलेले कामगार, त्यांचे जोडीदार आणि गावीच राहिलेली त्यांची सख्खी भावंडे यांची त्यात तुलना करण्यात आली. सोबत मूळच्या शहरवासीयांचीही तपासणी झाली. एकूण ६,५१० व्यक्तींच्या या पाहणीचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

गावी राहिलेल्या पुरुषांमध्ये स्थूलतेचे प्रमाण १९ टक्के होते. शहरात आलेल्यांमध्ये ते सुमारे ३८ टक्के, तर मूळच्या शहरवासीयांमध्ये सुमारे ४२ टक्के आढळले. मधुमेहाचे चित्र अधिक बोलके होते. गावातील पुरुषांमध्ये ६.२ टक्के, मूळच्या शहरवासीयांमध्ये १३.५ टक्के आणि स्थलांतरितांमध्ये १४.३ टक्के. रक्ताचे नाते तेच असताना राहण्याचे ठिकाण आणि त्यासोबत जगण्याची रीत बदलल्याने धोका दुपटीहून अधिक झाला. स्थूलता आणि मधुमेह ही हृदयविकाराकडे नेणारी दोन प्रमुख कारणे असल्याने पोटासाठी घर सोडलेल्या प्रत्येक कुटुंबाशी या आकड्यांचा थेट संबंध पोहोचतो.

बंगळुरूच्या उत्तर टोकाला असलेल्या येलहंक्यात असे स्थलांतर पिढ्यान्‌पिढ्या घडत आले आहे. बंगळुरूचे संस्थापक केंपेगौडा हे येलहंक्याच्याच नाडप्रभू घराण्यातील. आज हा परिसर हवाई दलाचा तळ, ‘एरो इंडिया’ प्रदर्शन आणि रेल्वेची चाके व आस बनवणारा कारखाना यांमुळे देशभर परिचित आहे. या आस्थापनांसोबत देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे येथे आली. पुढे विमानतळाचा रस्ता रुंदावला, हेब्बाळपासून पुढे माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये उभी राहिली आणि पुणे, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर, नाशिक अशा शहरांतून आलेली तरुण मराठी कुटुंबे येथील गृहसंकुलांत स्थिरावली. मराठी माणसाचा बंगळुरूशी संबंध तसा जुनाच आहे. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीचे हे ठाणे होते. २०११ च्या जनगणनेनुसार कर्नाटकात मराठी मातृभाषा असणाऱ्यांची संख्या सुमारे २० लाख आहे. नव्याने आलेल्या कुटुंबांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्यांचे नातलग, जुने डॉक्टर आणि संकटात धावून येणारे शेजारी शेकडो किलोमीटर दूर राहिले आहेत.

आजार आतून कसा वाढतो

हृदयविकाराचा झटका अचानक आल्यासारखा वाटला तरी त्याची तयारी अनेक वर्षे चालू असते. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या आतील अस्तरात चरबीयुक्त थर हळूहळू साचत जातो. वाढलेला रक्तदाब त्या अस्तराला इजा पोहोचवतो, तंबाखूतील विषारी द्रव्ये ते खरबरीत करतात, वाढलेली साखर त्याची झीज करते आणि रक्तातील ‘एलडीएल’ प्रकारचे कोलेस्टेरॉल त्या ठिकाणी मुरत राहते. एखाद्या दिवशी या थराला तडा जातो. शरीर त्याला जखम समजून तेथे रक्ताची गुठळी तयार करते. ही गुठळी धमनी बंद करते आणि तिच्यापुढील हृदयस्नायू प्राणवायूवाचून मरू लागतो. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात.

यातील बहुतेक टप्प्यांवर माणसाला काहीच जाणवत नाही. वाढलेला रक्तदाब दुखत नाही आणि कोलेस्टेरॉलला कोणतेही लक्षण नसते. ‘मला काही त्रास नाही, मग तपासणी कशाला’ हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. झटक्यापूर्वीच्या दहा-पंधरा वर्षांत हा आजार मुख्यतः मोजमापातूनच दिसतो.

नागपूर आणि बंगळुरूने जगाला काय दाखवले

दक्षिण आशियातील माणसांना हृदयविकार लवकर गाठतो, ही बाब आता सर्वमान्य आहे. ती पुराव्यानिशी मांडण्यात नागपूर आणि बंगळुरू येथील वैद्यकीय संशोधकांचा मोठा वाटा आहे. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाने २००४ मध्ये असे दाखवले, की हृदयविकाराच्या पहिल्या झटक्याचा नव्वद टक्क्यांहून अधिक धोका नऊ मोजता येणाऱ्या घटकांशी निगडित असतो. धूम्रपान, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाची स्थूलता, मानसिक ताण, फळे व भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाची सवय हे ते नऊ घटक होत.

याच अभ्यासातील दक्षिण आशियाई रुग्णांचे स्वतंत्र विश्लेषण २००७ मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याचे प्रमुख लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी होते आणि बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. प्रेम पैस हेही त्यात सहभागी होते. दक्षिण आशियात पहिल्या झटक्याचे सरासरी वय ५३ आढळले. इतर देशांत ते जवळपास ५९ होते. चाळिशीच्या आत झटका आलेल्यांचे प्रमाण येथे ८.९ टक्के, तर इतरत्र ४.४ टक्के होते.

या शोधनिबंधातील पुढचा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. वरील नऊ घटकांचा हिशेब जमेस धरल्यावर वयातील हा फरक जवळजवळ पुसला गेला. झटका लवकर येतो, कारण धोक्याचे घटक लवकर जमा होतात. ‘आमच्या घराण्यातच आहे’ असे म्हणून हात टेकण्याची आवश्यकता नाही, असा याचा सरळ अर्थ होतो. याआधी, १९९६ मध्ये, डॉ. पैस आणि सहकाऱ्यांनी बंगळुरूतील २०० रुग्ण आणि तितक्याच निरोगी व्यक्तींची तुलना केली होती. त्यातही चालू धूम्रपान हा सर्वांत ठळक धोका ठरला. दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेट वा विड्या ओढणाऱ्यांना झटक्याचा धोका सुमारे पावणेसात पट होता.

बारीक दिसणारा, पण मेदाने भरलेला

आरशात सडपातळ दिसणारी व्यक्ती स्वतःला सुरक्षित समजते. हा समज मोडण्याचे श्रेय पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कार्याला जाते. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची आणि वजनाच्या गुणोत्तरावरून काढला जाणारा देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के भरले. वजनकाट्यावर सारख्या असलेल्या दोन माणसांच्या शरीरात मेद दुपटीहून कमी-अधिक असू शकतो, हे त्या एका छायाचित्राने पटवून दिले.

पुण्याजवळील खेड्यांत झालेल्या त्यांच्या अभ्यासात याची सुरुवात जन्मापासूनच होत असल्याचे दिसले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे सुमारे ३.५ किलो. कमी वजनाच्या या भारतीय बाळांमध्ये स्नायू आणि अवयवांची वाढ कमी झालेली होती, मेद मात्र त्या मानाने टिकून होता. आईच्या पोटात टंचाईला सरावलेले शरीर पुढे शहरातील मुबलकतेत आले, की तोच मेद पोटाभोवती आणि यकृतात साठू लागतो. खेड्यातून शहरात आलेल्या पिढीला मधुमेह आणि हृदयविकार अधिक का ग्रासतो, याचे एक स्पष्टीकरण येथे मिळते.

म्हणूनच भारतीयांसाठी वजनाच्या कसोट्या अधिक कडक ठरवण्यात आल्या आहेत. देहभार निर्देशांक २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की स्थूलता मानली जाते. कंबरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या आत असावा. शिंप्याच्या टेपने घरच्या घरी होणारे हे मोजमाप वजनकाट्यापेक्षा अधिक खरे सांगते.

घर बदलते तेव्हा काय बदलते

स्थलांतराने हृदयाला होणारे नुकसान एका मोठ्या कारणातून होत नाही. अनेक लहान बदल एकाच दिशेने साचत जातात.

त्यातील पहिला बदल ताटाचा. नव्या शहरात आलेले कुटुंब जुने पदार्थ सोडत नाही आणि नवे पदार्थही जवळ करते. घरी पोहे, साबुदाण्याची खिचडी, गावाहून आलेला चिवडा, लोणचे आणि पापड असतात. बाहेर मसाला डोसा, खारा भात, केसरी भात, मैसूरपाक आणि बेकरीतील पफ असतात. दोन्ही प्रदेशांतील खमंग आणि गोड ते एकत्र येते आणि दोन्हीकडचे साधे अन्न मागे पडते. वस्तुतः या बाबतीत मराठी कुटुंबाला बंगळुरू परके नाही. ज्वारीची भाकरी येथे ‘जोळद रोट्टी’ म्हणून उत्तर कर्नाटकी खानावळींतून सहज मिळते. नाचणी तर या प्रदेशाचे मुख्य धान्य आहे. मटकीची उसळ, पालेभाजी, भाकरी, ताक आणि नाचणीचा मुद्दा यांचा मेळ दोन्ही प्रांतांना मानवणारा आहे.

मिठाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा मीठ खावे. पापड, लोणचे, फरसाण, वेफर आणि तयार मसाल्यांतून हे प्रमाण नकळत ओलांडले जाते. भाजीत मीठ कमी घालूनही ताटाच्या डाव्या बाजूने ते पुन्हा शिरते.

दुसरा बदल चालण्याचा. गावात किंवा लहान शहरात बाजार, देऊळ, शाळा पायी गाठता येत असे. येथे दाराशी दुचाकी किंवा कंपनीची बस येते आणि प्रवासाचे दोन-तीन तास बसूनच जातात. आठवड्याला किमान १५० मिनिटे वेगाने चालावे, ही शिफारस ऐकायला सोपी असली तरी अशा दिनक्रमात वेळ ठरवल्याशिवाय ती पाळली जात नाही. परदेशी ग्राहकांच्या वेळेनुसार रात्री चालणारी कामे झोपही तोडतात. अपुरी झोप रक्तदाब आणि साखर दोन्ही वाढवते.

तिसरा बदल फारसा बोलला जात नाही. जुन्या गावातील डॉक्टरांना कुटुंबाचा पूर्वेतिहास ठाऊक असतो. ‘तुझ्या वडिलांना पन्नाशीतच त्रास झाला होता, तू तपासून घे’ असे ते आपणहून सांगतात. शहर बदलले की ही स्मृती मागे राहते. नवे डॉक्टर कोरा कागद घेऊन बसतात आणि रुग्णालाही आजोबा नेमके कशाने गेले हे सांगता येत नाही. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी पुरुषाला ५५ वर्षांच्या आत किंवा स्त्रीला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर पुढच्या पिढीची तपासणी लवकर सुरू करावी लागते. ही माहिती कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. ती घरच्या माणसांना विचारूनच मिळते.

चौथी अडचण ज्येष्ठांची. नातवंडांना सांभाळण्यासाठी काही महिने मुलाकडे आणि काही महिने गावी राहणारे आईवडील अनेक घरांत आहेत. प्रवासात गोळ्या संपतात, दुसऱ्या शहरात त्याच औषधाचे व्यापारी नाव वेगळे निघते, जुनी फाइल गावच्या कपाटात राहते. रक्तदाबाची किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी अशा वेळी आठवडाभर चुकणे धोकादायक ठरते. स्टेंट बसवलेल्या रुग्णासाठी तर ही चूक जीवघेणी ठरू शकते. औषधाचे मूळ नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी व शेवटच्या ईसीजीचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवणे, हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

समाज हेच औषध

स्थलांतरितांचे हृदय बिघडतेच, असा नियम मात्र नाही. जपान, हवाई आणि कॅलिफोर्निया येथील जपानी वंशाच्या सुमारे बारा हजार पुरुषांच्या तुलनेत हृदयविकाराचे प्रमाण जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत मध्यम आणि कॅलिफोर्नियात सर्वांत जास्त आढळले होते. १९७६ मध्ये मायकेल मार्मोट आणि लेनर्ड साइम यांनी कॅलिफोर्नियातील ३,८०९ जपानी अमेरिकनांचा अधिक बारकाईने अभ्यास केला. आपल्या समाजाशी आणि परंपरेशी घट्ट नाते राखून असलेल्या गटात हृदयविकाराचे प्रमाण जपानइतकेच कमी होते. ते नाते तुटलेल्या गटात हे प्रमाण तीन ते पाच पट होते. आहार आणि धूम्रपान यांचा हिशेब करूनही हा फरक पूर्णपणे उलगडला नाही. माणसांचा आधार हृदयाला जपतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

पुढे अनेक ठिकाणी या आधाराचा जाणीवपूर्वक उपयोग करण्यात आला. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी परिसरातील फिलिपिनो स्थलांतरितांमध्ये उच्च रक्तदाबाचे प्रमाण मोठे आहे. तेथे त्याच समाजातील, त्यांचीच भाषा बोलणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन रक्तदाब नियंत्रणाचे कार्यक्रम राबवले गेले. लॉस एंजेलिसमध्ये ५२ केशकर्तनालयांतून ३१९ कृष्णवर्णीय पुरुषांचा रक्तदाब मोजण्यात आला आणि औषधतज्ज्ञ तेथेच येऊन औषधे ठरवू लागले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांत त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. केवळ सल्ला मिळालेल्या गटात ही घट सुमारे नऊ अंकांची होती.

असा प्रयोग बंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेच्या पुढाकाराने भारतातही झाला. देशातील १४ रुग्णालयांतून घरी गेलेल्या ८०६ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांची साथ देण्यात आली. वर्षभरानंतर त्यांच्यापैकी ९७ टक्के रुग्ण औषधे नियमित घेत होते. इतरांमध्ये हे प्रमाण ९२ टक्के होते. रक्तदाब आणि वजनही साथ मिळालेल्या गटात कमी राहिले. कोणतेही नवे औषध न देता, घरी जाऊन विचारपूस करणाऱ्या माणसामुळे हा फरक पडला.

येलहंका परिसरातील मराठी कुटुंबे गणेशोत्सव, कोजागरी, संक्रांतीचे हळदीकुंकू अशा निमित्तांनी एकत्र येतच असतात. त्याच मंडपात एका टेबलावर रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि कंबर मोजण्याचा टेप ठेवता येईल. समाजातील निवृत्त परिचारिका, डॉक्टर किंवा औषधविक्रेते यांनी दोन तास दिले तरी अनेकांना आपला रक्तदाब प्रथमच कळेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशातील ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आणि ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. पन्नास प्रौढांच्या मेळाव्यात रक्तदाबाचे सतरा-अठरा रुग्ण असू शकतात, असा याचा अर्थ होतो. नोंद १४०/९० किंवा त्याहून अधिक आली, तर काही दिवसांनी पुन्हा मोजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात जाण्याची गरज नाही. बंगळुरूतील ‘नम्म क्लिनिक’ या शासकीय दवाखान्यांत सल्ला, प्राथमिक तपासण्या आणि औषधे विनामूल्य मिळतात.

पहिला तास आणि परकी भाषा

प्रतिबंध करूनही झटका आलाच, तर वेळ हा सर्वांत मोठा घटक ठरतो. सेंट जॉन्सचे डॉ. डेनिस झेवियर आणि सहकाऱ्यांनी देशातील ५० शहरांतील २०,४६८ रुग्णांच्या नोंदी २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडल्या. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यम कालावधी ३६० मिनिटांचा, म्हणजे सहा तासांचा होता. रुग्णालयात पोहोचल्यावर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळण्यास त्यापुढे ५० मिनिटे लागत होती. उपचाराचा मोठा वेळ घरात आणि वाटेत वाया जातो, हे त्यातून स्पष्ट झाले.

हा विलंब बहुधा ‘पित्त झाले असेल’ या वाक्याने सुरू होतो. छातीच्या मध्यभागी दाब किंवा जडपणा, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत पसरणारी वेदना, थंड घाम आणि धाप ही नेहमीची लक्षणे होत. स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेही यांच्यात छातीत वेदना नसतानाही केवळ धाप, मळमळ किंवा अकारण थकवा जाणवू शकतो. अशी लक्षणे काही मिनिटे टिकली तर जिरे, सोडा किंवा ओवा यांत वेळ घालवू नये.

रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक महाराष्ट्राप्रमाणे कर्नाटकातही चालतो. पलीकडून उत्तर मात्र बहुधा कन्नडमध्ये येते. घाबरलेल्या घरात हिंदी-इंग्रजीही नीट सुचत नाही. ‘एदे नोवु इदे, बेग बन्नी’, अर्थात ‘छातीत दुखत आहे, लवकर या’, हे कन्नड वाक्य घरातील प्रत्येकाला, विशेषतः पाहुणे म्हणून आलेल्या आजी-आजोबांना, पाठ असावे. इमारतीचे नाव, रस्ता आणि जवळची खूण कन्नड व इंग्रजीत लिहून दाराजवळ लावावी. सुरक्षारक्षकाचा आणि शेजारच्या कन्नड कुटुंबाचा क्रमांक त्याखाली असावा.

कोठे जायचे हेही आधीच ठरलेले असावे. हृदयरोगासाठी नावाजलेली जयदेव संस्था शहराच्या दक्षिण भागात, येलहंक्यापासून वीस किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. बंगळुरूच्या वाहतुकीत हे अंतर किती वेळ खाईल हे येथील रहिवाशांना सांगण्याची गरज नाही. प्रथम गाठायचे ते नामांकित रुग्णालय नव्हे, तर ईसीजी काढून तातडीने उपचार सुरू करू शकेल असे सर्वांत जवळचे रुग्णालय. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक शासनाने अभिनेते पुनीत राजकुमार यांच्या नावाने सुरू केलेली ‘हृदय ज्योती’ योजना याच तत्त्वावर उभी आहे. तालुका रुग्णालयात काढलेला ईसीजी मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांना पाठवला जातो आणि गुठळी विरघळवणारे ‘टेनेक्टेप्लेस’ हे महागडे इंजेक्शन तेथेच विनामूल्य दिले जाते. रुग्णाला मोठ्या केंद्रात हलवण्याचे काम त्यानंतर होते.

उपचाराच्या खर्चाचा विचारही शांत वेळी करावा. महाराष्ट्राची शिधापत्रिका असलेल्या कुटुंबाला कर्नाटकात कोणत्या शासकीय योजनेचा लाभ मिळेल आणि कंपनीच्या विम्यात आईवडिलांचा समावेश आहे का, याची चौकशी रुग्णालयाच्या दारात करण्याची वेळ येऊ नये.

झटका येणे आणि हृदयक्रिया बंद पडणे यांतील भेद लक्षात ठेवावा. झटक्यात रक्तवाहिनी बंद होते आणि रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. हृदयक्रिया बंद पडल्यावर माणूस कोसळतो, प्रतिसाद देत नाही आणि त्याचा श्वास थांबतो किंवा अडखळत चालतो. अशा वेळी मदतीसाठी ओरडून, १०८ ला दूरध्वनी करून, छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. रुग्णवाहिका येईपर्यंत हे थांबवू नये. हे कौशल्य अर्ध्या दिवसाच्या प्रशिक्षणात येते. गृहसंकुलांनी आपल्या रहिवाशांसोबत सुरक्षारक्षकांनाही ते द्यावे, कारण दिवसा तरुण माणसे कामावर असताना इमारतीत तेच हजर असतात.

भीतीची गर्दी आणि नियमित तपासणी

पुनीत राजकुमार यांचे २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अवघ्या ४६ व्या वर्षी निधन झाल्यावर, तसेच २०२५ मध्ये हासन जिल्ह्यातील हृदयविकाराच्या मृत्यूंच्या बातम्या आल्यावर, कर्नाटकातील रुग्णालयांत तपासणीसाठी मोठी गर्दी उसळली होती. हासनमधील मृत्यूंची चौकशी करणाऱ्या तज्ज्ञ समितीचे प्रमुख, जयदेव संस्थेचे संचालक डॉ. के. एस. रवींद्रनाथ होते. मृत्यूंत असाधारण वाढ झाल्याचे या समितीला आढळले नाही. करोनाप्रतिबंधक लसीशीही त्यांचा संबंध दिसून आला नाही. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान आणि स्थूलता ही ओळखीची कारणेच पुढे आली. भीतीने एकदा केलेली तपासणी भीती ओसरताच विसरली जाते. हृदयाला उपयोग होतो तो दरवर्षी, ठरलेल्या महिन्यात केलेल्या साध्या मोजमापाचा.

हे मोजमाप लांबलचक नाही. रक्तदाब, कंबरेचा घेर, उपाशीपोटी साखर किंवा तीन महिन्यांची सरासरी साखर, आणि रक्तातील मेदाची तपासणी एवढे पुरेसे आहे. भारतीय हृदयरोग संघटनेने जुलै २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार मेदाची पहिली तपासणी वयाच्या अठराव्या वर्षी व्हावी. आनुवंशिक असलेल्या ‘लायपोप्रोटीन ए’ या घटकाचे प्रमाणही आयुष्यात किमान एकदा मोजून घ्यावे, कारण भारतीयांमध्ये ते वाढलेले असण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. सामान्य व्यक्तीचे एलडीएल १०० पेक्षा आणि अधिक धोका असलेल्यांचे ७० पेक्षा कमी असावे, अशी या सूचनांची शिफारस आहे. तंबाखूला मात्र कोणतीही सुरक्षित मर्यादा नाही. सिगारेट, विडी, गुटखा आणि दातांना लावली जाणारी मिश्री यांपैकी काहीही त्यास अपवाद नाही.

गावी राहिलेले भावंडही आता पूर्वीसारखे सुरक्षित राहिलेले नाही. मोटारसायकल, तयार खाद्यपदार्थ आणि बैठे काम खेड्यापर्यंत पोहोचले आहे. त्यामुळे शहरातील कुटुंबाने केलेली तपासणी दोन्ही घरांच्या उपयोगाची आहे. मुलाच्या रक्तात वाढलेले कोलेस्टेरॉल आढळले, तर गावाकडच्या भावालाही तपासणीची गरज आहे असे समजावे. आठवड्याला गावी होणाऱ्या दूरध्वनीत पाऊसपाणी आणि लग्नकार्यासोबत तीन प्रश्न विचारावेत. आजोबांना कोणत्या वयात त्रास झाला होता? तुझा रक्तदाब शेवटचा कधी मोजला? गोळ्या किती दिवसांच्या शिल्लक आहेत? मिळालेली उत्तरे एका वहीत लिहून ती वही पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर ठेवावी.